थोरलीचा गाल

"पावणं, आधी झोपा की!"

क्लबात नवा माणूस आला की अण्णांचं पहिलं वाक्य हे. माणूस बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून, हातात परदेशी रायफलींचा रंगीत कॅटलॉग घेऊन आलेला असायचा. कुठली नळी चांगली, कुठला ट्रिगर हलका, जर्मनची घ्यावी की ऑस्ट्रियाची, असे त्याचे प्रश्न पाठ झालेले असायचे. अण्णा कॅटलॉगकडे बघायचेसुद्धा नाहीत. जमिनीवरच्या काथ्याच्या चटईकडे बोट करायचे आणि पुन्हा म्हणायचे, "झोपा. पालथं. शर्टाला काय होत न्हाय, धुतला की जातंय."

आमचा रेंज गावाबाहेरच्या जुन्या दगडाच्या खाणीत होता. पन्नास मीटरवर टार्गेटची रांग, त्याच्या मागे शंभर मीटरवर मातीचा उंच बांध. वारा कळावा म्हणून मध्ये बांबू रोवलेले, आणि त्यांवर साडीच्या फॉलच्या पट्ट्या बांधलेल्या: गुलाबी, मोरपंखी, जांभळ्या. इतका सजलेला रेंज तुम्ही दुसरीकडे कुठे पाहिला नसेल. कारण अण्णांचं महाद्वार रोडजवळ साड्यांचं दुकान होतं, आणि फॉलच्या पट्ट्यांना तोटा नव्हता.

अण्णा हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव मी सांगणार नाही. जगात मावत नव्हता एवढा त्यांचा आवाज होता, त्यात नावाची भर कशाला? घराणं लिंगायत, व्यापारातलं, मूळ सीमेकडचं. बाईमाणूस लहान असो की मोठी, त्यांची ती अक्काच. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरा हाफ शर्ट, आणि शर्टाच्या गुंड्यांची रोज परीक्षा घेणारं पोट. पालथं झोपून नेमबाजी करणाऱ्याला पोट म्हणजे शत्रू. पोट जमिनीला टेकलं की माणूस होडीसारखा डुलतो. कुणी यावर हसलं की अण्णा म्हणायचे, "दुकानदाराचं पोट हाय हे. गिऱ्हाइकाला विश्वास वाटाय लागतोय."

रायफल कशी निवडायची याचं त्यांचं शास्त्र सगळं दुकानातून आलेलं होतं. "साडी घडीत बघून घेत्यात काय ओ कोण? अंगावर टाकून बघाय लागती. रायफलबी तशीच. ती तुमच्या अंगाला बसली पाहिजे, तुम्ही तिच्या न्हवं."

इचलकरंजीचा एक तरुण यंत्रमागवाला एकदा आला होता. त्याला सगळ्यात जड नळीची, सगळ्यात महाग रायफल हवी होती. अण्णांनी त्याला क्लबची जुनी रायफल दिली, गोळी न घालता, आणि पालथा झोपवला. "डोळं मिटा. श्वास सोडा. आता उघडा. माशी कुठं हाय?" माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा ठिपका. तरुण म्हणाला, शेजारच्या टार्गेटवर आहे. "मग रायफल ढकलू नगा. तुम्ही सरका. कंबर हलवा." सगळा रविवार त्या माणसाने कंबर हलवण्यात घालवला. संध्याकाळी उठला तेव्हा तो वैतागलेला होता, पण पुढच्या रविवारी परत आला. कॅटलॉग घरी ठेवून आला, हे विशेष.

अण्णांची स्वतःची रायफल होती जर्मन. अक्रोडाच्या लाकडाचा तिचा दस्ता ते दर आठवड्याला जवसाच्या तेलाने पुसत. हात धुतल्याशिवाय तिला कुणी शिवायचं नाही. तिचं नाव 'थोरली'. म्हणजे घरातली धाकटी, क्लबातली थोरली. दुकानात त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणत असू, गल्ल्यावर बसायच्या. त्या गिऱ्हाइकासमोर सांगायच्या, "माझ्या सवतीला आठवड्यातनं एकदा तेल लागतंय. मला दिवाळीला." अण्णा यावर लाजायचे. एवढा मोठा माणूस लाजला की बघायला मजा यायची.

मी क्लबात आले ती एन.सी.सी.मुळे. कॉलेजात हवालदारांनी रायफल उजव्या खांद्याला लावायला शिकवली, चार गोळ्या बऱ्या बसल्या, आणि मला ते वेड लागलं. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी कोल्हापुरात एका मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. राहायला हातकणंगल्याजवळ गावात. घर जैन शेतकऱ्याचं. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत जेवणारं, पाणी गाळून पिणारं. अशा घरात पोरीनं सांगितलं की मला स्वतःची रायफल घ्यायची आहे, तर काय होईल याची कल्पना तुम्ही करा. वडील ओरडले नाहीत. ते म्हणाले, "मुंगी मरू नये म्हणून आपण खाली बघून चालतो," आणि शेतात निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

हे कळल्यावर अण्णा स्कूटरवरून आमच्या गावी आले. वडील गोठ्यात होते. अण्णांनी पिशवीतून एक वापरलेलं टार्गेट काढलं आणि बाजेवर पसरलं.

"पावणं, तुमची लेक हे मारतीया. कागद. ह्याला जीव हाय काय?"

"कागदाला न्हाय," वडील म्हणाले. "पर हत्यार ते हत्यारच की."

"ते खरं. पर बघाय तर या एकदा. पालथं पडून, श्वास धरून, गप. तुमच्या सामायिकातबी लोक एवढं गप बसत न्हाईत."

वडील हसले. सामायिकात, म्हणजे आमच्या रोजच्या ध्यानाला, शेजारी बसून डुलक्या घेणारा आमचा एक चुलता त्यांना आठवला असणार. चहा झाला, भुईमुगाच्या शेंगा झाल्या, आणि जाता जाता वडिलांनी अट सांगितली. रायफल एकदाच घ्यायची. बदलायची नाही, पुन्हा दुसरी मागायची नाही. घरात आणायची नाही, क्लबातच ठेवायची. अण्णा म्हणाले, "मंजूर." मला कुणी विचारलं नाही, पण मलाही मंजूर होतं. एकच तर हवी होती.

तर अशी ती एकच निवड. चुकली असती तर माझी नेमबाजी तिथेच संपली असती.

सांगलीचे एक नेमबाज खेळ सोडत होते. त्यांची रायफल विकायची होती. शस्त्राचा परवाना माझ्या हातात होता, रायफल उत्तम होती, आणि त्या काळात चांगली परदेशी रायफल अशी चालून येणं म्हणजे नशीबच. ते गृहस्थ ती क्लबात घेऊन आले. सगळे गोळा झाले. रायफल हातोहात फिरली. "अक्का, डोळं झाकून घ्या," अण्णा सगळ्या खाणीला ऐकू जाईल असं म्हणाले. "अशी परत येत न्हाय."

मी झोपले, पट्टा आवळला, गोळ्या मारल्या. पहिल्या तीन-चार दहाजवळ, म्हणजे अगदी मध्याजवळ. मग पांगायला लागल्या. डावीकडे एक, वर एक, एक तर अशी गेली की ती माझीच आहे हे मान्य करायला मी तयार नव्हते. हे माझं नेहमीचंच होतं. सुरुवात छान, मग डोळ्यात पाणी, मग वाटोळं. क्लबात प्रत्येकाकडे यावर औषध होतं. कुणी म्हणे अंडी खा. एकजण म्हणाला, पांढऱ्या रश्श्याशिवाय कोल्हापुरात नेम बसत नसतो, जैन असाल तर निदान वास घ्या. अण्णांचं औषध एकच. "श्वास! श्वास चुकतोय अक्कांचा. रायफलीचा काय दोष न्हाय." सांगलीच्या गृहस्थांना मी आठवड्यात कळवते म्हणाले.

त्याच आठवड्यात भावाच्या लग्नाचा बस्ता होता. आई आणि मी अण्णांच्या दुकानात गेलो. क्लबातले अण्णा आणि गादीवरचे अण्णा ही दोन वेगळी माणसं होती. दुकानात ते हळू बोलत. आईला त्यांनी एक इरकल दाखवली. आईला ती हातमागाची आहे हे पटेना. तेव्हा अण्णांनी ड्रॉवरमधून सूत मोजायचं छोटं पितळी भिंग काढलं आणि माझ्या हातात दिलं. "अक्का, तुम्ही बघा आणि आईंना सांगा."

मी उजव्या हातात भिंग घेतलं, वाकले, आणि सूत बघितलं. वर मान केली तर अण्णा माझ्याकडे बघत होते. साडी हातात तशीच.

"कुठला डोळा लावलासा?"

"कुठला म्हणजे?"

"परत बघा बरं."

मी परत बघितलं. भिंग आपोआप डाव्या डोळ्याशी गेलं होतं. मला स्वतःला ते ठाऊक नव्हतं. रेंजवर हाच डोळा मी घट्ट मिटून ठेवत होते.

"डावरी होती की ती," आई सहज म्हणाली. तिला वाटलं, कौतुकाचं काहीतरी चाललंय. "लहानपणी सगळं डाव्यानं करायची. जेवायलासुद्धा. मी पदराच्या चिंधीनं हात बांधून बसवायची. वर्षभरात मोडली सवय. आता बघा, कुणाला कळत न्हाय."

आईचा यात दोष नव्हता. आमच्याकडे डाव्या हाताने ताटाला शिवलं की घरभर ओरडा व्हायचा. शाळेत पाटीवर डाव्या हाताने अक्षर काढलं की पट्टी बसायची. प्रत्येक घरात एखादं डावरं पोर असायचं आणि मोठं होईपर्यंत ते नाहीसं व्हायचं. मीही झाले होते. दुकानात सगळ्यांसमोर ते उघडं पडल्यावर मला लाज वाटली. गणिताची मास्तरीण, नोकरीची बाई, आणि चार वर्षांच्या पोरीसारखी लाज वाटली.

अण्णांनी साडीची घडी घातली आणि इरकलीचा भाव कमी केला. आई खूष झाली.

रविवारी क्लबात सगळे होते. मी चटईवर झोपणार तेवढ्यात अण्णा मध्ये उभे राहिले आणि बोलले, त्यांच्या खाणीतल्या आवाजात.

"ऐका रं सगळी. ह्या पोरीचा श्वास चुकत न्हवता. माझं चुकलं. डोळा डावा, खांदा उजवा. पयल्या दिवशी मी सगळ्यांना झोपवतो, हिला बी झोपवलं, पर डोळा बघितला न्हाय. माझं चुकलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्का, दुसऱ्या अंगावर झोपा."

डाव्या खांद्याला रायफल लावल्यावर काय वाटलं हे मला नीट सांगता येत नाही. रायफल अंगाला बोचत होती, गालाला काही टेकत नव्हतं, हात चुकीच्या जागी होते. पण समोरचं काळं वर्तुळ स्वच्छ दिसत होतं. पाणी नाही, ताण नाही. गोळ्या दहात नव्हत्या, पण एकमेकींच्या जवळ होत्या. मला रडू आलं आणि मी ते चटईत लपवलं.

मग खरी अडचण सुरू झाली. सांगलीची रायफल उजव्या माणसाची. क्लबातल्या सगळ्या उजव्या माणसाच्या. डाव्या माणसाची रायफल परदेशातूनच मागवावी लागणार, आणि ती मागवायची परवानगी मिळायला मान्यताप्राप्त स्पर्धेत ठरावीक गुण हवेत. गुण मिळवायला डावी रायफल हवी, डावी रायफल मिळवायला गुण हवेत. माझ्या विद्यार्थिनींना असं गणित घातलं असतं तर त्यांनी मुख्याध्यापिकांकडे तक्रार केली असती. सगळ्यांचं मत पडलं, सांगलीची घ्या, जमेल हळूहळू, हातातली सोडू नका. वडिलांची अट सगळ्यांना माहीत होती. मी अण्णांकडे बघितलं.

"ती सोडा," अण्णा म्हणाले.

"आणि मारू कशानं अण्णा?"

"ते बघू की."

मी सांगलीला नाही म्हणून कळवलं. पोस्टातून बाहेर आले तेव्हा मिळालेलं घालवलं, असंच वाटत होतं.

पुढचा रविवार आला, अण्णा नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी आले ते थोरलीला घेऊन. पेटी उघडली आणि सगळे पुढे वाकले. तिच्या दस्त्याला डाव्या बाजूने गाल टेकवायचा जो देखणा उंचवटा होता, तो तासून काढलेला. उजव्या बाजूला सागवानाचा नवा तुकडा बसवलेला, रंग वेगळा, पॉलिश ताजं. हाताने धरायची मूठसुद्धा उलटी कोरलेली. फर्निचरवाल्या सुताराकडून करून घेतलं होतं आणि तो रंधा मारत असताना अण्णा स्वतः दस्ता धरून बसले होते.

"हे काय केलंसा अण्णा!"

"बसतीया काय बघा अंगाला."

"तुम्ही कशानं मारणार आता?"

"क्लबची हाय की. माझं काय, पोट वाढलंय. थोरलीला माझा कटाळा आलता." मग म्हणाले, "अक्का, हात धुतलासा काय?"

अण्णा दरवर्षी राज्य स्पर्धेत ज्येष्ठांच्या गटात उतरायचे आणि थोरलीवर पदक आणायचे. त्या वर्षानंतर त्यांनी पदक आणलं नाही. क्लबची रायफल जुनी होती, नळी झिजलेली. वहिनींनी मला एकदा हळूच सांगितलं, सुतार रंधा मारत होता तेव्हा हे बाहेर जाऊन दोनदा तोंड धुऊन आले. अण्णांनी मात्र या विषयावर कधी एक शब्द काढला नाही. इतका बोलका माणूस.

मी शून्यापासून शिकले. थोरलीचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा दांडा, उजवीकडेच होता, त्यामुळे प्रत्येक गोळीनंतर डावा हात वरून पलीकडे न्यावा लागायचा आणि सगळी मांडणी मोडायची. अण्णा माझ्या डावीकडच्या चटईवर झोपायचे. नेमबाजांच्या रांगेत प्रत्येकाला शेजाऱ्याची पाठ दिसते. डावरा माणूस उलट्या अंगाने झोपतो, म्हणून मला अण्णांचा चेहरा दिसायचा आणि त्यांना माझा. गोळी मारताना एवढा दणदणीत माणूस किती शांत दिसायचा हे फक्त मीच बघितलंय. मधूनच ते डोळ्यानेच फॉलच्या पट्ट्यांकडे खूण करायचे. वारा फिरलाय, थांबा.

एका रविवारी वडील खरोखर बघायला आले. खाणीच्या कडेला उन्हात उभे राहिले, सामना संपेपर्यंत. दुपारी सगळे डबे उघडून बसलो. मी भाकरी तोडायला उजवा हात पुढे केला. वडिलांनी भाकरी उचलली आणि माझ्या डाव्या हातात ठेवली. अण्णा तेव्हा लोणच्याच्या बरणीत फार गुंग झाले होते.

पुण्याच्या स्पर्धेत मला गुण मिळाले, काठावर. परवानगी आली, आणि कॅटलॉग उघडायची वेळ आली. मी तो घेऊन अण्णांकडे गेले. "आता मला इचारू नगा," ते म्हणाले. "तुमचं अंग तुम्हाला कळलंय." तरी मी निवडलेल्या रायफलीच्या चित्राकडे त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. "दस्ता चांगलाय," म्हणाले. नवं शतक लागलं आणि माझी रायफल आली. डाव्या माणसाची, डाव्या बोल्टची. वडिलांची अट मी पाळली. आजही तीच आहे, दुसरी घेतली नाही.

रायफल आली तेव्हा मी अण्णांना म्हटलं, "आता थोरलीचा गाल परत पहिल्यासारखा करून घ्या. माझी आली की."

"आणि उद्या कोण डावं आलं तर?" अण्णा म्हणाले. "त्याला काय सांगू? थांब म्हणून?"

मी हसले. मला वाटलं, एखाद-दोन वर्षांनी करतील. त्यांनी केला नाही. झिजलेल्या नळीच्या रायफलीवर पोट टेकून ते डुलत राहिले. गुण कमी आले की पोटाला शिव्या घालायचे. कुणी डावं आलं नाही.

शेवटी शेवटी गुडघे गेले, झोपणं बंद झालं. तरी रविवारी यायचे. खुर्चीत बसायचे, थोरली मांडीवर घ्यायचे, आणि जवसाच्या तेलाचं फडकं फिरवायचे. मी त्यांना बघितलेलं ते शेवटचं. सागवानाच्या तुकड्यावर इतकं तेल मुरलं होतं की त्याचा रंग अक्रोडाच्या जवळ आला होता.

अण्णा गेल्यावर वहिनींनी थोरली क्लबाला दिली. कागदपत्रं झाली आणि कमिटीची सभा बसली. एवढी चांगली रायफल, कुणाच्या उपयोगाची नाही, दस्ता पुन्हा उजवा करून घेऊ, असा ठराव आला. वाईट कुणाच्या मनात नव्हतं. सगळे माना हलवत होते. मी आयुष्यात कधी सभेत बोलले नव्हते, पण त्या दिवशी उभी राहिले आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला. मी म्हणाले, डावी माणसं येतच असतात. फक्त ती घरून उजवी होऊन येतात. आपल्याला ओळखता येत नाहीत, हा त्यांचा दोष नाही.

ठराव बारगळला. थोरली क्लबात तशीच आहे, डावी. तिला तेल लावायचं काम मी मागून घेतलं आहे.

अजून कुणी आलेलं नाही. आलं तर त्याला थांबावं लागणार नाही.